थोरल्या पाइपात धाकटा

"सतरावा," मी म्हणाले आणि वहीत उभी रेघ मारली.

"सतरावा न्हवं, अठरावा," टपरीच्या आतून इंदूमावशी म्हणाल्या. "तू त्या कुत्र्याला बिस्कीट घालत हुतीस तवा एक गेला की."

मी निमूटपणे आणखी एक रेघ मारली. रस्त्याच्या पलीकडे 'निर्झरा पाइप्स' या कंपनीचं निळं फाटक होतं आणि त्यातून शेतीच्या पाइपांनी भरलेले ट्रक बाहेर पडत होते. पाइप ट्रकपेक्षा लांब असल्यामुळे त्यांची टोकं मागे हातभर बाहेर आलेली असायची आणि त्यांना लाल फडकं बांधलेलं असायचं. ट्रक वळण घ्यायला थांबला की मी त्याच्या पाठीचा फोटो काढायचे, मग तो मोठा करून पाइपांची तोंडं मोजायचे. मोठी किती, मधली किती, लहान किती. सातारा रस्त्यावरच्या त्या एमआयडीसीत मी सकाळी सातपासून बसले होते, आणि हा माझा दुसरा दिवस होता.

"कुठली गं तू?" मावशींनी विचारलं.

"कराडची. वडील एसटीत कंडक्टर आहेत."

"मग बरोबर हाय. मोजायचं वळण घरातच हाय तुमच्या." त्यांनी चहा पुढे केला. "पर मला एक सांग, कालिजात एवढं शिकून पायपं मोजाया धाडत्यात व्हय?"

हाच प्रश्न मला आईनेही विचारला होता. तिला जे सांगता आलं नव्हतं ते मावशींना तरी काय सांगणार? एकोणिसावा ट्रक बाहेर आला.

मी तेव्हा पुण्याबाहेरच्या एका बिझनेस स्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला होते. म्युच्युअल फंडात लोक पैसे ठेवतात, ते पैसे कोणत्या कंपनीत लावायचे हे कुणीतरी ठरवतं. ते ठरवणाऱ्यांचं काम आम्ही शिकत होतो. शिकवायला होत्या वाळिंबे मॅडम. वीस वर्षं मुंबईतल्या फंडांत काढून, नोकरीला रामराम ठोकून त्या इथे आल्या होत्या. त्यांच्या विषयाचं छापील नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला 'तालीम' म्हणायचो. कारण तिथे पुस्तकी कुस्ती नव्हती. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले खरेखुरे तीस लाख रुपये आम्हा अकरा पोरापोरींच्या हातात होते, आणि त्यातून जे पिकेल त्यावर दर वर्षी दोन गरजू मुलांची फी निघायची.

"चुकलात तर मार्क जाणार नाहीत," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "कुणाची तरी फी जाईल. तेवढं ध्यानात ठेवा."

तालमीची रीत ठरलेली होती. एकाने एखादी कंपनी सुचवायची, तो प्रस्तावक. दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी निघायची, तो विरोधक. त्याला ती कंपनी मनातून आवडली तरी ती का घेऊ नये हेच शोधून मांडावं लागे. दोघांनीही जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी बघून यायचं, कारण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मॅडमना मनस्वी तिटकारा. मात्र आपण काय पाहिलं ते एकमेकांना आधी सांगायचं नाही. शेवटची गोष्ट म्हणजे पाकीट. बोलायला उभं राहण्याआधी दोघांनी एका कागदावर 'मी चुकलो तर कुठे चुकलो असेन' एवढंच लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचं. मतदान झालं की ती पाकिटं सगळ्यांसमोर फोडली जात.

निर्झरा पाइप्स सुचवली होती इरफान शिकलगारने. इरफान मिरजेचा, सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातला. त्यांच्याकडे भोपळा टिचकी मारून ऐकल्याशिवाय विकत घेत नाहीत, आणि इरफानचंही सगळं तसंच होतं. तो सावकाश बोलायचा आणि बोलण्यापेक्षा ऐकायचा जास्त. आमची मैत्री पहिल्या वर्षापासूनची. कॅन्टीनचा वडा कुणाच्या पैशाने खायचा यावरून आम्ही रोज भांडायचो. आता विरोधक म्हणून चिठ्ठी निघाली ती नेमकी माझी.

एरवी ही चिठ्ठी हसण्यावारी गेली असती. पण त्या खेपेला परीक्षक म्हणून मुंबईच्या एका बड्या फंडातले केळुसकर येणार होते, आणि त्यांच्या संशोधन विभागात एक जागा होती. एकच. कुठलीही लपवाछपवी न करता मॅडमनी आम्हाला सांगून टाकलं होतं: "ज्याची बाजू त्या दिवशी टिकेल त्याला ते विचारणार आहेत." ती जागा मला हवी होती. पगारासाठी हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त दुसऱ्याच कारणासाठी. लहानपणी वडिलांसोबत एसटीतून जाताना दिसेल त्या दुकानाबद्दल मी विचारायचे, हे एवढं स्वस्त का, ते एवढं महाग का, आणि वडील म्हणायचे, "गप बस, डोकं खाऊ नको." असे प्रश्न विचारायचा पगार देणारी जगात कुठेतरी जागा आहे, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

इरफानलाही ती तेवढीच हवी होती. ते मला ठाऊक होतं.

मोजणीच्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी टपरीच्या बाकावर बेरीज केली. दोन्ही दिवसांची सरासरी काढली. कंपनीने वार्षिक अहवालात जेवढा माल रोज बाहेर जातो म्हणून छापलं होतं, त्याच्या जेमतेम निम्मा माल माझ्या वहीत होता. मी पुन्हा बेरीज केली. निम्माच! कंपनी खोटं बोलत होती, आणि ते जगात पहिल्यांदा कळलं होतं मला, कराडच्या निशिगंधा खराडेला, एका भज्यांच्या टपरीवर बसून.

"काय गं, लॉटरी लागली काय?" मावशी म्हणाल्या.

"तसंच समजा."

"मग परत येशील तवा पेढे आण. आन यायच्या आधी फोन कर, गरम भजी काढून ठिवीन." त्यांनी माझ्याच वहीच्या कोपऱ्यात आपला नंबर लिहून दिला.

आठवड्याने सभा झाली. दुपारी अडीचची वेळ होती. त्याआधी मी पाकिटातला कागद लिहिला. मी कुठे चुकले असेन? मला खरोखर काही सुचेना. शेवटी मी लिहिलं: 'मी चुकले असेन तर इतर कशातही, मोजण्यात नाही.' लिहून झाल्यावर मला ते फारच झोकदार वाटलं.

इरफान आधी बोलला. तो फाटकावर गेलाच नव्हता. सांगली, तासगाव, जतपर्यंत पाइप विकणाऱ्या सव्वीस दुकानांत जाऊन बसला होता. दुकानदार काय बोलतात, गिऱ्हाईक कोणता पाइप मागतं, तुटला तर परत घेऊन येतं का, हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. "माल खपतो आहे," तो म्हणाला. "मी जिथे जिथे टिचकी मारली तिथे आवाज भरीव आला."

मग मी उठले. पडद्यावर माझा सगळ्यात स्वच्छ फोटो लावला. सकाळचं कोवळं ऊन नेमकं पाइपांच्या तोंडावर पडलेलं, एकेक गोल मोजून घ्यावा असा. वर्ग मला नीट आठवतो. मी आकडे सांगितले. अहवालातला आकडा सांगितला. आणि मग दोन क्षण थांबून विचारलं, "उरलेला माल कुठल्या फाटकातून जातो, ते इरफानने सांगावं."

कुणीतरी हलकेच शीळ घातली. केळुसकर तोवर खुर्चीत रेलून बसले होते, ते पुढे सरकले. ते उंच, बारीक होते आणि प्रश्न विचारताना समोरच्याकडे पापणी न हलवता बघायचे.

"दुसरं फाटक आहे का?"

"नाही सर. चारही बाजूंनी फिरून आले."

"रात्री माल जातो?"

"रात्री फाटक बंद असतं. पहारेकऱ्याला आणि टपरीवाल्या मावशींना, दोघांनाही विचारलं."

"छान," ते म्हणाले.

इरफान उत्तर द्यायला उभा राहिला. तो गोंधळून आपल्या वहीची पानं उलटत होता. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी पडद्याकडे बघितलं.

आणि मला ते दिसलं.

फोटोतल्या वरच्या ओळीतल्या एका मोठ्या पाइपाच्या तोंडात, वीतभर आत, आणखी एक गोल कडा होती. ऊन तिच्यावर अगदी बारीक चमकत होतं. त्या कडेच्याही आत, काळोखात, आणखी एक. मोबाइलच्या पडद्यावर जे नुसतं काळं भोक होतं ते भिंतीएवढ्या पडद्यावर भोक राहिलं नव्हतं. मी शेजारचा पाइप बघितला. तिथेही तेच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा मीच भिंतीवर टांगला होता. वर्गात इतर कुणालाही तो दिसत नव्हता, कारण सगळे इरफानकडे बघत होते.

मॅडमनी साडेतीनला चहाची सुट्टी दिली. त्यानंतर केळुसकरांचे प्रश्न आणि मग मतदान. मी कप न उचलता मागच्या जिन्यावर गेले आणि वहीच्या कोपऱ्यातला नंबर फिरवला.

"मावशी, मी निशिगंधा. पायपं मोजणारी."

"बोल गं! येतीस व्हय?"

"नाही. एकच विचारायचंय. त्या मोठ्या पाइपांच्या आत दुसरे पाइप असतात का?"

पलीकडे कढईत काहीतरी सोडल्याचा आवाज आला. मग मावशी हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "अगं बया माझे! थोरल्यात मधला, मधल्यात धाकला. वारा भरून कोन धाडंल लांबवर? डिझेल फुकाट हाय? ट्रकाच्या चाकावरलं पाटं बघायचं की, पार बसल्याले असत्यात वझ्यानं! मग दोन दिस तू काय मोजत हुतीस?"

"तोंडं," मी म्हणाले.

"त्वांडं मोजून प्वाट कळतंय व्हय?" मावशी म्हणाल्या. "बरं ठिवू का? हात पिठात हाय. चारची पाळी सुटायच्या आत घाणा निघाया पायजे."

मी जिन्यावर तशीच बसून राहिले. बोटांवर हिशोब केला: प्रत्येक मोठ्यात मधला, त्यात लहान. माझा निम्मा आकडा दामदुप्पट होत होता आणि अहवालातल्या आकड्याला अगदी चिकटत होता. कंपनी खरं बोलत होती. इरफानची टिचकी खरी होती.

खाली कॅन्टीनपाशी इरफान एकटाच उभा होता. मी जाऊन त्याला सांगितलं असतं तर तो दहा मिनिटांत जिंकला असता. जागा त्याची झाली असती. मी उठले, तोंड धुतलं आणि वर्गात जाऊन बसले. असं का केलं ते मी बारा वर्षं स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत समजावलं आहे. पण खरं एवढंच, की मला ती जागा हवी होती.

केळुसकरांचे प्रश्न तासभर चालले. पाचच्या सुमाराला मतदान झालं. नऊपैकी आठ हात माझ्या बाजूने वर गेले. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: 'घेऊ नये.' मग त्यांनी पाकिटं उचलली.

माझं आधी फोडलं. "'मी चुकले असेन तर इतर कशातही, मोजण्यात नाही,'" मॅडमनी वाचलं. वर्ग हसला. केळुसकरसुद्धा हसले आणि त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी टिपलं.

मग इरफानचं. मॅडमनी आधी ते मनात वाचलं, चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं: "'मी चुकलो असेन तर ते निशिगंधाला दिसलेलं असेल. ती खोटं मोजणार नाही. ती नको म्हणाली तर घेऊ नका.'"

इरफान खाली मान घालून वहीला रबर लावत होता.

मी उभी राहिले. "मॅडम, मी चुकले आहे," मी म्हणाले. पडद्यापाशी गेले आणि बोटाने दाखवलं. "इथे बघा. पाइपात पाइप आहे. त्यातही आणखी एक आहे. मी नुसती बाहेरची तोंडं मोजली. कंपनीचा आकडा बरोबर आहे."

मॅडम जागेवरून उठून पडद्याजवळ आल्या, नाक टेकेल इतक्या जवळ. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही दिसलं. वीस वर्षांत एवढे ट्रक बघितले मी."

केळुसकर मात्र पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

प्रश्न साधा होता. त्यांनी तो कुठल्याही संशयाने विचारला नव्हता, ते सगळ्यांनाच असं विचारायचे. मला फक्त खरं सांगायचं होतं.

"आत्ताच, सर," मी म्हणाले. "पडद्यावर बघताना."

पडद्यावर बघताना, हे निम्मं खरं होतं. तेवढ्या निम्म्यावर मी उभी होते.

केळुसकर उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळा वर्ग. "हरल्यावर चूक मान्य करणारे मी पुष्कळ पाहिलेत," ते म्हणाले. "जिंकल्यावर स्वतःचा डाव मोडणारं माणूस आज पाहिलं. जूनपासून या." सगळ्यांत जोरात टाळ्या इरफान वाजवत होता. नंतर त्याने वडाही खिलवला, स्वतःच्या पैशाने.

मॅडमनी मतदान रद्द केलं आणि नव्याने मोजायला आम्हा दोघांना एकत्र पाठवलं. तालमीत असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढच्या मंगळवारी आम्ही निळ्या फाटकासमोर हजर झालो. मी कबूल केल्याप्रमाणे पेढे आणले होते.

"हा कोन?" मावशींनी विचारलं.

"हा इरफान. याचंच बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं," मी म्हणाले. असं मोकळेपणाने बोलायला मला तेव्हा मजा वाटत होती. लोक माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत होते आणि मलाही ते हळूहळू खरं वाटायला लागलं होतं.

"व्हय, ठाव हाय मला," मावशी इरफानला म्हणाल्या. "मीच तर सांगितलं हिला. पायपात पायप असतंय हे ठाव न्हवतं पोरीला. फोन करून इचारत हुती."

माझा पेढ्याचा हात तसाच राहिला.

"कधी फोन केला होता, मावशी?" इरफानने विचारलं. सहज, ऐकणाऱ्या माणसाच्या आवाजात.

"ते मागल्या बुधवारी न्हाई का. चारची पाळी सुटली न्हवती अजून. माझा हात पिठात हुता म्हनून ध्यानात हाय."

इरफानने काचेचा ग्लास बाकावर ठेवला. बुधवारी साडेतीनला चहाची सुट्टी झाली होती. मी उभी राहिले होते पाचनंतर. त्याला हे जुळवायला किती वेळ लागला ते मला दिसलं, कारण मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"चल," तो म्हणाला. "ट्रक आला."

आणि रस्ता ओलांडून तो ट्रकमागे जाऊन उभा राहिला, वाकून एकेका पाइपात डोकावत, मोजायला लागला. दिवसभर आम्ही मोजलं. त्याने आकडे सांगितले, मी लिहिले. दुसरा एक शब्द आम्ही बोललो नाही. आकडा अहवालाशी जुळला, तालमीने शेअर घेतले, आणि जूनमध्ये मी मुंबईला गेले.

केळुसकरांच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली. तिथे माझी गोष्ट माझ्या आधीच पोचलेली असायची. नव्या माणसाला ओळख करून देताना केळुसकर म्हणायचे, "ही ती, पाइपवाली." गिऱ्हाइकं विश्वास ठेवायची. सगळे मानाने वागायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला प्रत्येक कौतुकाबरोबर भज्यांच्या कढईचा आवाज ऐकू यायचा. एक मात्र खरं, त्यानंतर मी कधी आकड्याशी खेळले नाही. पण ते सांगून काय उपयोग?

इरफानला त्या वर्षी कुठेच मनासारखी जागा मिळाली नाही. दोन वर्षं सांगलीच्या एका पतपेढीत काम करून तो परत कॉलेजात आला, मॅडमचा मदतनीस म्हणून. त्या निवृत्त झाल्यावर तालीम त्याच्याकडे आली. दर वर्षी परीक्षक म्हणून येण्याचं पत्र तो मला पाठवायचा, चार ओळींचं, औपचारिक. दर वर्षी मी कामाची सबब सांगायचे. यंदा मॅडमचा फोन आला. "अगं, पंचाहत्तरीची झाले मी," त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावशील?" मग गेले.

वर्ग तोच होता, पडदा नवा. मॅडम पहिल्या ओळीत काठी घेऊन बसल्या होत्या. इरफानचे कानशिलावरचे केस पिकले होते. त्याने मुलांना माझी ओळख करून दिली आणि पाइपांची गोष्ट सांगितली. तो ती कशी सांगणार होता? मी जीव मुठीत धरून ऐकत होते. टपरी, फोटो, पाकिटं, सगळं आलं. फोनचा उल्लेख नव्हता. "केळुसकर सरांनी विचारलं, 'हे तुम्हाला कधी कळलं?'" इरफान म्हणाला. "निशिगंधा म्हणाली, 'आत्ताच, सर.' एवढी गोष्ट. कुणाला काही विचारायचं आहे?"

मुलं टाळ्या वाजवायला लागली. मागच्या बाकावरून एक हात वर आला. बारीक अंगकाठीची, दोन वेण्या घातलेली मुलगी होती. नाव देवयानी ढोबळे, बार्शीची.

"मॅडम, एक कळलं नाही," ती म्हणाली. "रागावू नका. पण फोटोत नुसती आतली कडा दिसते ना? आत तुटका तुकडा असेल, झाकण असेल, काहीही असेल. मग पाइपात पाइप आहे आणि आकडा बरोबर आहे, हे तुम्ही तिथल्या तिथे एवढं खात्रीने कसं सांगितलं? तुम्हाला नेमकं कधी कळलं?"

तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. नुसतं कुतूहल होतं, एसटीच्या खिडकीतून दुकानं बघणाऱ्या पोरीचं. बारा वर्षांत हे कुणालाच कसं खटकलं नव्हतं? मी इरफानकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"चहाच्या सुट्टीत," मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. मागचा जिना, फोन, पिठातला हात, माझा तो तास-दीड तास, आणि ती जागा खरी कुणाची होती ते. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. देवयानी वहीत काहीतरी लिहीत होती. मॅडमनी काठीवरचे हात तेवढे घट्ट केले आणि त्या म्हणाल्या, "बस आता. दमली असशील."

मुलं गेल्यावर इरफानने टेबलाचा खण उघडला.

"तिला तू शिकवून ठेवलं होतंस?" मी विचारलं.

"नाही. दर वर्षी गोष्ट सांगतो, दर वर्षी विचारतो, कुणाला काही विचारायचं आहे का. दर वर्षी टाळ्या वाजतात." त्याने खणातून तालमीचं एक जुनं पाकीट काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, चिकटवलेलं तसंच. वर तारीख होती, आम्ही दोघं फाटकावर मोजायला गेलो त्या मंगळवारची. "संध्याकाळी खोलीवर येऊन लिहिलं होतं. आता फोडायला हरकत नाही."

मी ते फोडलं. इरफानचंच ते सावकाश, गोल अक्षर होतं.

'निशिगंधा हे एक दिवस स्वतः सांगेल. मी चुकलो असेन तर एवढ्याचसाठी, की तिला कुणी नीट विचारलं नाही. मीसुद्धा.'

मी तो कागद दोनदा वाचला. इरफान खण बंद करत होता.

"चल," तो म्हणाला. "कॅन्टीन बंद होईल. आज वडा तुझ्या पैशाने."